बेल एअरची पट्टी

१४ नोव्हेंबर

चि. ठमाबाईंस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. आई जेवते, झोपते. फोन तिच्याकडे देत नाही म्हणून तू रागावतेस. रागाव.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचं विचारलंस. आपल्या शेवरलेटला बक्षीस नाही. परीक्षक म्हणाला, "काका, गाडी साधी टू-टेन, आणि दारावर क्रोमची पट्टी बेल एअरची! महागड्या मॉडेलचा दागिना हिला कसा चालेल? अस्सल नाही ही." जन्मभर लोकांच्या गाड्या अस्सल करून दिल्या आणि चारचौघांत माझंच नाक कापलं गेलं.

पट्टी खोटी हे मला ठाऊक नव्हतं का? मीच लावली होती. लग्न ठरल्यावर तुझी आई म्हणाली होती, "बाजू ओकीबोकी दिसते हो." झालं! भंगारातल्या बेल एअरची काढून आणली. तेव्हापासून ती आधी पट्टीवरून बोट फिरवायची, मगच दार उघडायची.

पण डोक्यात किडा शिरला. पट्टी उतरवली, भोकं बुजवली, रंग मारला आणि अस्सल टू-टेन घेऊन घरी आलो. आई दारातच उभी होती. "ही आमची गाडी नाही," म्हणाली. मी हसलो. तर माझ्याकडे बघून विचारते, "तुम्ही कोण?"

ठमे, तिचं विसरणं मी तुला नेहमी कमी करूनच सांगितलं. भाजीतलं मीठ विसरायची, शेजारणीचं नाव विसरायची. पण मला ओळखत होती गं.

सकाळी उठून नवा रंग खरवडला, पट्टी परत चढवली. तिने बोट फिरवलं आणि अशी खुलली! "हीच आमची. मेकॅनिक, काम छान केलंत. पण गाडी आली, मग हे कुठे राहिले?"

"येतील," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आता रोज संध्याकाळी ती गाडीत जाऊन बसते. मी शेजारी बसायला गेलो तर हात आडवा घालते, "तिथे हे बसतात." मग मी बाहेर उभा राहून काच पुसत राहतो. काच कधीची स्वच्छ झालेली असते.

तू लवकर ये. येताना केस मोकळे सोडू नकोस, पूर्वीसारख्या दोन वेण्या घाल. या वयात शोभत नाहीत म्हणशील. नाही शोभल्या तर नाही.

तुझा बाबा,
आईचा मेकॅनिक