आबांचं हसणं

कळंब, १२ नोव्हेंबर १९९८

चि. दिपालीस, द्वारकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

आमचे हे, तुझे मामा, जाऊन महिना होत आला. राग गिळून बघितला, पण गिळवत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे होते, आणि तुझे आबा, माझा सख्खा दादा, खदाखदा हसले. भावकीनं माझ्याकडं बघितलं. गेल्या वर्षी दादाच्या डोक्यात रक्तस्राव झाला तेव्हा मी उपास धरले, काठीवाचून चालायला लागला तेव्हा पेढे वाटले. पाय परत आले, माया दवाखान्यातच राहिली. आता दुखवट्याचं लुगडं घेऊन यायचं म्हणतोय. येऊ नको म्हणावं.

तुझ्यावर राग नाही. डॉक्टरकीच्या नादात जेवण चुकवू नकोस.

तुझी आत्या

बारामती, २४ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आबांना दाखवलं नाही. त्यांना पुण्याला आमच्या सरांकडं नेलं. रक्तस्राव झाला होता तो डोक्याच्या मागं, लहान मेंदूत. तो फक्त शरीराचा तोल सांभाळतो, असं आम्ही पाठ केलेलं. सरांनी यंदाच छापून आलेला लेख काढला. लहान मेंदूला इजा झालेल्या काहींचं बोलणं, विचार करणं, भावनासुद्धा बदललेल्या दिसल्यात. खात्रीनं सांगता येत नाही, पण आबांचं हसणं त्यातलंच असावं, असं सर म्हणाले. त्यांनी खोदून विचारल्यावर आबांनी सांगितलं, की आतनं रडूच येत हुतं, तोंडातनं हसू कसं निघालं ते त्यांचं त्यांनाच कळलं न्हाय.

आत्या, तो मेंदू मी हातात धरलाय. मुठीत मावेल एवढा, कोबीच्या पानांसारखा घडीवर घडी. पावलाला माप देणारा तोच दुःखालाही माप देत असेल, हे ऐकल्यापासून मी थक्क झालेय, थोडी घाबरलेयसुद्धा. वर्षभर आम्ही त्यांची चालच तपासत बसलो.

आबा लुगडं घेऊन येणारच म्हणतात, मी अडवणार नाही. रागवायचं तर माझ्यावर, लोभ त्यांच्यावर राहू दे.

तुझी दिपाली

कळंब, ८ डिसेंबर १९९८

चि. दिपालीस आशीर्वाद.

दादा रविवारी येऊन गेला. लुगडं हातात ठेवताना पुन्हा हसला, चांगला मोठ्यानं. जाऊबाई उठून आत गेल्या. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. आत नुसता कालवा चालला होता गं. माणसाच्या डोक्यात देवानं काय काय भरून ठेवलंय! मग त्याला जवळ घेतलं आणि दोघांचं मी एकटीनं रडून घेतलं.

दादाला माझा नमस्कार सांग. म्हणावं, संक्रांतीला हसतच ये. रडायला मी आहे.

तुझी द्वारकाआत्या