नाथापुढची शिळा

।। श्री नाथ प्रसन्न ।।
कुरणवाडी, १४ जुलै २०२५

चि. क्रांतीस,
जोतीरामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा शनिवारी सकाळी मी देवाच्या आधी शिळेला पाणी घातलं. गुरवपण हातात आल्यापासून असं कधी केलं नव्हतं. पण शिळेवर वर्षाराणीच्या तोंडातला फेस वाळला होता, आणि तो तसाच ठेवून मला देवाकडं बघवेना.

वर्षाराणी म्हणजे वरच्या आळीच्या बनाबाईची सून. रोप लावताना तिला सापाचं पान लागलं. अशा माणसाला नाथापुढच्या काळ्या शिळेवर निजवायचं, मी तीर्थ-अंगारा द्यायचा, उजाडेपर्यंत जगलं तर नाथानं तारलं, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. लहानपणी तूही तिच्यावरून उठलीस. वर्षाराणीच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. ती दवाखान्यात न्या म्हणतेय असं मला वाटलं. बनाबाई म्हणाली, पाणी मागत्या. मी तीर्थ पाजलं. उजाडायच्या आत ती गेली.

बनाबाईनं जाताना देवापुढं नारळ ठेवला. वर मलाच म्हणाली, तुमचा काय दोष न्हाय गुरव, तिचं आयुष्यच तेवढं. हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून तुझ्या संस्थेच्या पुण्याच्या कचेरीकडं पाकीट देतोय.

छावणीतली पटकीची साथ हटली का? वेळेवर जेवत जा. माया असू दे.
तुझा दादा

निर्वासितांची छावणी, पूर्व चाड
९ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर राग धरला, आज लिहायला बसले.

मला चावली होती ती दिवड. बिनविषारी. मी ती बघितली होती, आईला सांगितलंही होतं. पण सगळ्यांना नवस फेडायची इतकी घाई, की पोरीचं कोण ऐकतंय?

इथं सीमेपलीकडच्या लढाईतून पळालेल्या बायका आजारी मूल पाठीला बांधून कित्येक मैल चालत येतात. एखादीचं मूल वाटेतच गेलेलं असतं आणि तिला ते आम्ही सांगायचं. साथ हटलेली नाही. पैसे देणाऱ्या देशांनी हात आखडला, म्हणून आमचा एक दवाखाना मात्र बंद झाला. यांना रस्ता नाही म्हणून उशीर होतो. तुझ्या दारात डांबरी रस्ता आहे आणि तू माणसं शिळेवर निजवतोस.

इथं येणाऱ्या औषधांच्या कितीतरी खोक्यांवर आपल्याच देशाचं नाव असतं. मग तिथं विषावरचं औषध मिळणार नाही, असं कसं होईल? पुढचं माणूस आलं की तडक दवाखान्यात ने. धाडस होत नसेल तर नाथालाच कौल लाव. गुरव तूच, देव तुझाच, वशिला कमी पडायचा नाही.

रागावले तरी जीव तुझ्याकडंच आहे. तुझाही असू दे.
क्रांती

।। श्री नाथ प्रसन्न ।।
कुरणवाडी, १५ सप्टेंबर २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तू थट्टा केलीस, मी मनावर घेतली. काल साऱ्या गावासमोर कौल लावला. नाथाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, पान लागलेली माणसं शिळेवर घ्यायचं बंद करू का? उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पडली.

सरपंच विजयसिंह म्हणाले, झालं समाधान? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, बोट लावून उजवी पाडता आली असती. मला ते जमत नाही. आता यावर काही लिहू नकोस.

तुझा दादा

।। श्री नाथ प्रसन्न ।।
कुरणवाडी, १९ ऑक्टोबर २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

तुझ्या वर्गातली नजीरा, गैबी टेम्पोवाल्याची बायको, गवत कापायला गेली होती. तिला पान लागलं. गैबीनंही तिला नाथाकडंच आणलं. पान लागल्यावर आपल्याकडं कोण कुठल्या धर्माचं हे बघत नाहीत. मी देवळाचं दार ओढून घेतलं आणि म्हटलं, टेम्पो फिरव. विजयसिंह आडवे आले. कौल मोडतोस व्हय, म्हणाले. मी टेम्पोत चढलो.

बाजारगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, नर्स होती, कपाट होतं. कपाटात औषध नव्हतं. मागणी पावसाळ्याआधीच केलीय, अजून आलं नाही, कोल्हापूरला न्या, असं डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. रंकाळा दिसायला लागला तेव्हा नजीराचा श्वास थांबलेला होता.

परतताना गैबी एवढंच बोलला, गुरव, तुमच्या दगडावर निदान निवांत गेली असती की.

गाव म्हणतंय, कौल मोडला म्हणून गेली. बनाबाई माझ्या हातचा अंगारा घेत नाही.

बरेच दिवस नुसता देवापुढं बसत होतो. बंद करू का, विचारलं होतं, तो नाही म्हणाला. बरोबरच आहे. शिळा बंद केली तर माणसं जातील कुठं? पण ती इथंच असावी, असं काही तो म्हणाला नव्हता.

काल पहाटे शिळेखाली पहार घालत होतो, तर गैबी टेम्पो घेऊन दारात उभा. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दोघांनी शिळा उपसली आणि दवाखान्याच्या दारात नेऊन टाकली. डॉक्टर धावत आले, म्हणाले, काका, हे काय? मी सांगितलं, आमच्याकडं पान लागलेलं माणूस शिळेवर येतंय, ते आता हितंच येणार. औषध असलं तर टोचा. नसलं तर तुम्हीच ह्याच्यावर निजवा आणि उजाडेपर्यंत उशाशी बसा, आजवर मी बसलो तसं.

अंगाऱ्याची पुडी त्यांच्या कपाटात ठेवून आलो. जागा भरपूर होती.

विजयसिंहांनी देवळाची किल्ली मागून घेतली. शिळा हलवायच्या आधी मी कौल लावला नव्हता.

माया असू दे.
तुझा दादा