नागपूरची चिठ्ठी

माय,

तू गेलीस त्याला आठ वर्षं झाली. परवा आपल्या लहानीचे चार दात काढून आणले, नागपूरला नेऊन, भूल देऊन. एवढंच तुला सांगायला बसलो होतो, पण त्याआधी दुसरं एक सांगावं लागतं, आणि तेच इतकी वर्षं माझ्याच्यानं निघालं नाही.

तू जायच्या आदल्या वर्षी मी चंद्रपूरला होतो, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तू सावली गावाहून पहिल्या गाडीनं तिला घेऊन आलीस. सात वर्षांची लहानी, बोलणं दोन-चार शब्दांचं, समज तान्ह्या पोराएवढी, आणि एक गाल टम्म सुजलेला. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसवताच तिनं अंग ताठ केलं आणि तोंडात गेलेलं त्यांचं बोट दातांत असं धरलं की ते ओरडलेच. "काय चारता हो बाई हिला? एक दाढ धड नाही!" तू खाली पाहत म्हणालीस, "मोहफुलं जी. सुकलेली." धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तू तिला बांधीच्या धुऱ्यावर बसवायचीस आणि मूठभर मोहफुलं हातात द्यायचीस. गोड, चिकट, तासभर चघळत बसायची. संपली की दुसरी मूठ. हात रिकामा राहिला की ती उठून सरळ बोडीच्या पाण्यात चालत जायची, म्हणून ती मूठ. हे मला माहीत होतं, पण मी डॉक्टरला सांगितलं नाही. तिच्या लाळेची लाज वाटत होती मला. तुझ्या चिखलाच्या टाचांचीही.

तू तिला बाहेर नळावर नेलंस तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "हिचं जागेपणी होणार नाही. शनिवारी नागपूरला न्या, तिथे भूल देऊन काढतील. तुम्ही शिकलेले आहात, सोबत जा." चिठ्ठीही लिहून दिली. आणि शनिवारी, माय, एक मुलगी मला भेटायला येणार होती. तीन महिने मागे फिरल्यावर पहिल्यांदा हो म्हणाली होती. चिठ्ठी मी खिशात घातली.

बसस्टँडवर तू विचारलंस, "काय म्हने डॉक्टर?"

"गोड बंद कर म्हने. लवंगाचं तेल लाव म्हने."

"एवढंच?"

"मंग आनखी काय! तूच सडवले तिचे दात, अन् आता मले काऊन इचारून राह्यली?"

चणेवाला हसला. "पोरगं शिकेल दिसते बाई, आयकून घ्या."

"आयकतो ना भाऊ," तू म्हणालीस. "मायले दुसरं काय काम हाय?" मग मला, "जाय तू, तुले क्लास असन." क्लास कुठला! रविवार होता.

शनिवारी ती मुलगी आली, अर्धा तास बसली आणि ऊर्जानगरच्या एका नोकरदाराशी तिचं जमल्याचं सांगून गेली. पुढच्या आठवड्यात मी कँटीनमध्ये एकाचं डोकं फोडलं आणि कॉलेज सोडून घरी आलो. तुला सांगितलं, शिकवणारे अपमान करतात. तू मानलंस.

तो पूर्ण पावसाळा लहानी दुखण्यानं भिंतीवर डोकं आपटत राहिली, आणि तू भिंत आणि तिच्या डोक्याच्या मध्ये आपला तळहात ठेवत राहिलीस. मोहफुलं त्याच दिवसापासून बंद. त्याऐवजी तुझ्या पदराचं टोक तिच्या कमरेला बांधलेलं, आणि तू वाकून रोवणा करतेस. ती ओढते, तू चिखलात बसतेस, उठतेस, बायका हसतात, तूही हसतेस. घरी आल्यावर मात्र एकदा म्हणालीस, "मीच चारलं ना रे तिले." मी नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी काविळीनं तू गेलीस, आणि ते मनात घेऊनच गेलीस. तुझ्यामुळं नाही, माय. दात तेव्हाच निघाले असते. तुझ्या पोरानं चिठ्ठी लपवली.

आता ती माझ्याजवळ असते, आलापल्लीला. मी लाकडाच्या डेपोवर आहे. रोज सकाळी तिच्या मागं बसून तिचं डोकं छातीशी दाबून धरतो आणि दात घासतो. ती चावते, ब्रश फेकते, माझं डोकं तापतं. दोनदा मारलंही तिला. मग ती माझाच हात धरून गालाला लावते, आणि कुठं तोंड लपवावं कळत नाही. या महिन्यात पुन्हा गाल सुजला तेव्हा मी कोणाला विचारलं नाही, सरळ नागपूरच्या बसमध्ये बसलो. हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, नाहीतर एवढं धैर्य झालं नसतं.

भुलीच्या खोलीत नेताना ती माझा शर्ट सोडेना. नर्सनं एकेक बोट सोडवलं. दार लागलं, आणि मला बरं वाटलं. तिचं दुखणं जाईल म्हणून नाही, दोन तास मला कोणी ओढणार नाही म्हणून. तुला कधी असं वाटलं का गं? मी दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला. लहानी जागी झाली म्हणून नर्सनं दारातून हाक मारली, ती मला ऐकू आली होती. कप रिकामा होईपर्यंत मी उठलो नाही.