आईच्या नेवऱ्या, सलालाहमध्ये

१० डिसें.
आज नेवऱ्यांना, म्हणजे नाताळच्या करंज्यांना, हात घातला. नारळ इथल्याच बागेतले, रस्त्यावरच्या टपरीवरून आणले. सासूबाई, म्हणजे आई, व्हिजिट व्हिसावर ओमानला आल्यापासून याच दिवसाची वाट बघत होत्या. त्यांचा हात थरथरतो हल्ली. तळताना तेल उडालं, मनगटावर छोटासा फोड. तेवढंच! पण नवरोबा फ्रान्सिस ओरडला, "खलास! उद्यापासून आईला किचनमध्ये येऊ द्यायचं नाही." माझ्याकडे बघून बोलला. आई समोरच बसलेल्या, हाताला पीठ. जसं काही त्यांना ऐकूच येत नाही.

११ डिसें.
नवरोबांनी सुपरमार्केटातून तयार मिठाईचं खोकं आणलं. मस्कतहून दिराचा, सायमनचा फोन, स्पीकरवर. "आईला कशाला त्रास? विकत मिळतं सगळं." दोघा भावांनी जन्मात कधी लाटणं धरलं नाही, आणि त्रास कशाला म्हणतात ते हे ठरवणार! खोकं मी उघडलं नाही. आईंनीही नाही.

१३ डिसें.
लेक रिया म्हणाली, "आजी, तेल नको ना... ओव्हनमध्ये bake करू. Pie सारखं." अडखळत, पण मराठीत.
"भाजलेली नेवरी? पाव आहे का तो?" दुपारभर अबोला. संध्याकाळी स्वतःच आल्या, "तुझी ती पेटी तापायला किती वेळ लागतो गं?"

१४ डिसें.
पहिली खेप फुटली, सारण बाहेर. पिठात तूप कमी म्हणून बोलणी मला. रियानं दुमडलेली कड आईंनी पुन्हा पुन्हा उकलली. "ही काय मुरड आहे? उंदरानं कुरतडल्यासारखी!" रिया हसून लोळायची बाकी. दुसरी खेप छान, सोनेरी. आईंनी अर्धी खाल्ली. "नेवरी नाही ही." मग उरलेली अर्धीही खाल्ली.
फ्रान्सिस हॉटेलातल्या ड्युटीवरून आला, उभ्या उभ्या पाच संपवल्या आणि म्हणतो, "बघ, मी म्हटलंच होतं, तेलाशिवाय होतं." म्हटलं होतं! कधी?

१७ डिसें.
संताप. संताप. दोघा भावांनी आईंचं परतीचं तिकीट काढलंय, बावीसचं. नाताळाच्या तोंडावर! कारण काय, तर हात थरथरतो, इथे काही झालं तर दवाखान्याचा खर्च, वसईत बघायला नणंद आहे. आईंना विचारलंही नाही. मीच सांगितलं. म्हणाल्या, "मी पार्सल आहे का?"
फ्रा.ला जाब विचारला. "तू मध्ये पडू नकोस." पडले. चांगलीच पडले. रियासमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

१९ डिसें.
आईंनी सकाळीच पीठ मळलं. कुणाला विचारलं नाही. फ्रान्सिस चहाला आला तर, "बस. मुरड घाल."
"आई, मला ड्युटी..."
"दुपारची आहे. बस."
बसला. एवढा मोठा बाप्या, जीभ दाताखाली धरून कड दुमडत होता. रियाच्या पहिल्या खेपेहून वाईट. आईंनी एकही उकलली नाही. ट्रे आत गेल्यावर विचारलं, "बावीसला कोण जातंय?"
"सायमनशी बोलतो, आई."
"सायमनला मी जन्म दिला. त्यानं मला नाही."
तो मान खाली घालून बोटांचं पीठ काढत राहिला. फोन टेबलावरच. अजून लावला नाही.
आईंनी मला विचारलं, "चोवीसच्या रात्री चर्चमध्ये मिस्साला कुठली साडी नेसू?"
"निळी," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं.