डाव्या बाजूचं दार

मु. दाभोसा, ता. जव्हार
रविवार, दुपार

प्रिय गोकुळ,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितो आहे. पत्ता भावेशने दिला. होळीला तो वापीहून घरी आला होता. म्हणाला, गोकुळने खोली बदलली असेल तर सांगता येत नाही, पण कंपनीच्या फाटकावर नाव विचारलं तर कुणीतरी देईल. माझी सगळी नोकरी आश्रमशाळेच्या कचेरीत पत्रं धाडण्यात गेली, पण 'फाटकावर विचारून देणे' असा पत्ता पहिल्यांदाच लिहिला. पोस्टमास्तर हसला. मीही हसलो. काय करणार?

बातमी अशी की जीप द्यायला काढली आहे. हो, तीच. जी दारात नको म्हणालास आणि ती हलली नाही म्हणून तू हललास, ती. माझ्या डाव्या डोळ्याला आता नीट दिसत नाही. समोरून दिवे आले की निम्मा रस्ता नाहीसा होतो. रोहिणीने एक दिवस माझ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि हरेशच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खिशात घातली. तुझी बहीण हल्ली आईसारखी बोलायला लागली आहे, फक्त आईसारखी हसत नाही. जावईबापूंचं म्हणणं पडलं की जुनी जीप देऊन नवी बंद गाडी घ्यावी, जव्हार-दाभोसा फेऱ्या तो मारील. मी म्हटलं, मारा. माझ्यात आता नाही म्हणायचा जोर राहिलेला नाही.

तर गेल्या आठवड्यात आम्ही तिघं नाशिकला गेलो. हरेश चालवत होता, रोहिणी आणि मी मागे. पुढची डावी सीट रिकामी. तू गेल्यापासून तिथे मी कुणालाच बसवलं नाही. स्प्रिंग तुटली आहे, टोचेल, असं सगळ्यांना सांगत आलो. गावात कोण बावळट आहे? सगळ्यांना ठाऊक आहे काय तुटलंय ते. पण बाजाराच्या दिवशी लोक मागे पायरीवर लटकतील, पुढे यायचं नाव काढणार नाहीत. सादड्याच्या वळणावर हरेशने गिअर उतरवला आणि रोहिणीने डोळे मिटून घेतले. मी उघडे ठेवले. इतकी वर्षं तिथून रोज गेलो, डोळे मिटून कसं चालेल? पुढे मोखाड्याला चहा घेतला तेव्हा हरेश मला पढवत होता की शोरूममध्ये काय बोलायचं. मला हसू आलं. भाव करायला मी कुणाकडे शिकलो, ते त्या पोराला काय माहीत.

तुला आठवतं का, जव्हारच्या आठवडे बाजारात तुझी आई मालूकडून सुकट घ्यायची? ती डहाणूकडची मालू, अंगाने भारी आणि जिभेनेही. आई भाव पाडून मागायची, मालू पोराबाळांच्या शपथा घ्यायची, मग आई टोपली उचलून सरळ चालू लागायची. मागे बघायचं नाही, हा नियम. तू तिच्या पदराला धरून मागे बघायचास, तर तुझी मान धरून पुढे फिरवायची. आणि चार दुकानं ओलांडायच्या आत मालूची हाक यायचीच, "ये गो बाय, ये. तुझाच खरा." एकदा मी आईला विचारलं, मालूला तुझं खरंच पटतं का गं? तेव्हा ती म्हणाली, "पटं कशाचा! तिला म्हाइत आहे मी खोटी. पन मानूस पाठ फिरवून चालला का हाक मारायची. खरा-खोटा मंग बघू." एवढं सांगून ती असं काही हसली की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. तिचं ते हसणं मला हल्ली पूर्ण आठवत नाही. सुरुवात आठवते, पुढचं सुटतं.

शोरूममध्ये सगळी काच आणि गारवा. हेमराज नावाचा मुलगा होता, एका वाक्यात दोनदा काका म्हणायचा. कॉफी दिली, पाण्याची बाटली दिली. नव्या गाडीच्या किमतीवर मी बोलायला लागलो तर तो म्हणाला, काका, ती वरून येते, आमच्या हातात नाही. फार ताणल्यावर पायपुसणी आणि सीटची कव्हरं फुकट द्यायला तयार झाला. म्हणजे भांडायला उरली ती आपली जीपच. तिची किंमत काढायला त्यांचा एक माणूस आला, वयाने हरेशएवढा. इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं, सगळं ठीक म्हणाला. मग एक छोटं यंत्र पत्र्याला लावत लावत फिरला. त्याने रंगाची जाडी कळते म्हणे. उजवी बाजू झाली, मागचं झालं. डाव्या दाराशी आला आणि यंत्र बाजूला ठेवून बोटाच्या पेराने टकटक करायला लागला. तो आवाज, गोकुळ, मला माहीत होता. दार धुताना मी कधी तिथे हात आपटू दिला नाही.

त्याने जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही. रास्त भाव नव्हता तो, एवढंच सांगतो. बाळ्या मिस्त्रीने मला जो अंदाज दिला होता त्याच्या जवळपासही नव्हता. मग मी आईचं केलं. उठलो आणि चालू लागलो. पाठ ताठ, मागे बघायचं नाही. काचेचं दार आपोआप उघडलं. पायऱ्या उतरलो, गाड्या धुतात तिथून पुढे गेलो, फाटकाशी आलो. हाक नाही. वॉचमनने विचारलं, बाबा, रिक्षा बघू का? मी म्हटलं, नको, उभा राहतो जरा. उन्हात उभा राहिलो, कान मागे लावून. त्या लोकांना हाक मारायची असते हेच माहीत नाही रे. ते आत दुसऱ्या गिऱ्हाइकाला कॉफी देत होते. म्हातारा लघवीला गेला असेल, असं वाटलं असेल त्यांना. शेवटी आपला आपण परत गेलो. हाकेशिवाय परत येताना पाय किती जड होतात, ते त्या दिवशी कळलं.

आत गेल्यावर मी चिडलेलो होतो. जिरली होती ना माझी. त्या माणसाला दाराशी नेलं आणि म्हटलं, काय खोट आहे दाखवा. तो सरळ माणूस होता, त्याला दोष नाही. म्हणाला, काका, इथे मोठा ठोक बसलाय, दार दुसऱ्या गाडीचं आहे, आतला पत्रा सरळ करून वर लांबीची पुट्टी भरलीय. मी म्हटलं, झाडाला घासली होती. तो म्हणाला, घासून एवढं होत नाही. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, यात कुणी गेलं होतं का? तसं असेल तर पुढे गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून विचारावं लागतं.

मी म्हटलं, नाही. कुणी नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अंगात भाव करायचं भूत शिरलं होतं. मी ते दार उघडून, लावून दाखवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत शिरलो आणि त्या सीटवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार ओढून घेतलं, काच खाली केली आणि आतून त्याला म्हणालो, बघा, काही झालेलं नाही. इथे काहीच झालेलं नाही. रोहिणी शेजारी उभी होती. ती वळली आणि बाहेर निघून गेली. त्या माणसाने हेमराजकडे बघितलं, हेमराजने मान हलवली आणि आकडा वाढला. बाळ्याने सांगितला होता त्याहूनही थोडा वर गेला. आणि तुला खरं सांगू? मला आनंद झाला. त्या सीटवर बसून, त्या दाराला हात लावून, मला आनंद झाला.

तो किती वेळ टिकला? हेमराज पेढ्याचा बॉक्स आणायला गेला तेवढा वेळ. मग मला समोरची काच दिसली. तुझ्या आईला शेवटी जेवढं दिसलं असेल तेवढं त्या सीटवरून दिसतं. वासरू आडवं आलं, तू चाक वळवलंस, सादड्याचं झाड डाव्या अंगाला होतं. मागच्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. वासरूही वाचलं. आता त्याची गाय झाली आहे आणि अजून त्याच वळणावर वाट अडवून उभी असते. तिला हॉर्न वाजवून बाजूला करायचं आणि पुढे जायचं, हे मी वर्षानुवर्षं केलं. ते मला जमलं. पण नाशिकच्या त्या गारव्यात बसून, थोड्या जास्त पैशांसाठी, मी माझ्या बायकोचं मरण नाही म्हणून सांगितलं, ते काही पचत नाही. रोहिणी वाढते, मी ताटाशी बसतो आणि तसाच उठतो. तीही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पेढा हातात असतानाच हेमराजने फॉर्म पुढे केला. म्हणाला, मालकाची सही. मी पेन घेतलं आणि मग वाचलं. मालक तू आहेस. मी तेव्हा नोकरीत होतो, मला धंदा करता येत नव्हता, म्हणून गाडी तुझ्या नावावर घेतली होती. हे डोक्यातूनच गेलं होतं. मी सांगितलं, मुलगा बाहेरगावी असतो. तर तो म्हणाला, मग तुम्हीच मारा सही, काका, सगळे मारतात, कोण बघतंय? तुझी सही मला येते. दहावीच्या वर्षी अभ्यास सोडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गिरवत बसायचास, 'ग' ची शेपटी पार खाली ओढून. त्यावरून माझी बोलणीही खाल्ली आहेस. मी पेन टेकवलं आणि नाही झालं. तुझ्या आईला नाही म्हणून झालं होतं, आता तुझ्या जागी मीच सही केली तर माझ्याकडे उरतं काय? फॉर्म घडी करून खिशात घातला. जीप घेऊन तसेच परत आलो. हरेशने पुन्हा चाक हातात घेतलं. गरीब आहे बिचारा.

तू गेलास तो दिवस मी रोज आठवतो. दिवसकार्य उरकलं होतं. बाळ्याने जीप रंगवून अंगणात आणून लावली. तू ओटीवरून ती बघितलीस आणि म्हणालास, हिला आत्ताच्या आत्ता विका, भंगारात घाला, मी माझ्या हाताने आईला मारलं, ती मला दारात दिसायला नको. आणि मी तुला सांगितलं, भंगारात काय भाव येणार? थोडा दम धर. आता तरी मी चुकलो म्हणेन असं तुला वाटत असेल, पण म्हणत नाही. त्याच जीपने घर चाललं, रोहिणीचं लग्न झालं, कितीतरी बायका वेळेत जव्हारच्या दवाखान्यात पोचल्या. पण तू पिशवी घेऊन निघालास, वर डांबरीपर्यंत गेलास, एकदाही मागे बघितलं नाहीस. अंगणात माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या घशातून आवाज निघाला नाही. आईनेच तुला शिकवलं होतं मागे बघायचं नाही म्हणून. आता मला वाटतं, तू पार फाट्यापर्यंत कान मागे लावून चालला असशील.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. फॉर्म पाकिटात शोधू नकोस, घातलेला नाही. पोस्टाने पाठव म्हणून हरेश दोनदा सांगून गेला. मी हो हो म्हटलं आणि आईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली ठेवला. सही करायची असेल तर इथे येऊन कर. नसेल करायची तर जीप अंगणात गंजेल आणि तिच्याकडे बघत ओटीवर मीही. शोरूमवाल्याने दिलेली मुदत बहुतेक हे पत्र पोचायच्या आधी संपेल. मला वाटतं तू येणार नाहीस. हे पत्र कुठल्या तरी फाटकावर पडून राहील, असंही वाटतं. पण तू आईला मारलंस, एवढं तुझं मी कधी कबूल करणार नाही. त्यावर मरेपर्यंत भांडेन, आणि भांडायला तू समोर हवास. बाकी सगळं सोडलं. जीप दारात नको म्हणालास ना? नको तर नको. भंगारात घालायची तर भंगारात घालू, येईल तो भाव घेऊ, नाही आला तर तशीच देऊ. तेव्हा निघाली नाही ती हाक आता मारतो आहे, ऐकू गेली तर बघ. ये रे बाबा, ये. तुझंच खरं.

तुझाच,
बाबा