पडद्यावरच्या दोन ओळी

प्रिय मास जातमिको,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आधीच कबूल करते दादा, तुझ्या लॅपटॉपला मी हात लावला. तू गेल्यापासून तीन वर्षं तो इबूने आईच्या मायेने घातलेल्या फडक्याखाली झाकलेला होता. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तूच मला शिकवलंस, टेकडीपलीकडच्या शाळेत जायला लागायच्या आधी, चुलीपाशी बसवून, अक्षरांच्याही आधी. त्यामुळे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पण गावातल्या बाळांच्या वजनाच्या नोंदी आता माझ्याकडे आल्यात, आणि तुझा लॅपटॉप उघडेपर्यंत इबूचं तिवुल शिजून व्हायचं. शाळेतले सर म्हणाले, जुन्या यंत्रावर लिनक्स टाक, हलकं असतं.

सांगणं सोपं होतं. केबलच्या भोकात मुंग्यांनी घर केलेलं, म्हणजे सगळं वायरलेसवरच करायचं. तर ते वायरलेस चालायला एक बारीकशी फाइल हवी, आणि ती मिळते नेटवर! पेनड्राइव्ह घेऊन टेकडी उतरून शाळेत गेले, भलतीच फाइल घेऊन आले, दुसऱ्या दिवशी परत गेले. मग फोनचा हॉटस्पॉट लावला, पण आपल्या अंगणात रेंज कुठली? इबू म्हणाली, "रेंज वर असते ना? मग चढव की वर. हे होल्याचा पिंजरा रोज दोरीने खांबावर चढवतात तसा." बापक भडकले. "माझा पक्षी भर दिवसा कधी खाली उतरलेला नाही!" इबू म्हणाली, "तीन वर्षं तो वरून घुमतोय, तुम्ही खालून. आज दोघंही जरा गप्प बसा." थोड्या वेळाने दोरी सोडल्याचा आवाज आला. त्यांनी होल्याला टोपलीखाली ठेवलं, पिंजऱ्यात माझा फोन ठेवला, दाराची कडीसुद्धा लावली, जसा काही तो उडून जाणार होता, आणि पिंजरा खांबाच्या टोकापर्यंत चढवला. खाली फणसाच्या सावलीत लॅपटॉपवर रेंजच्या सगळ्या रेघा उमटल्या.

आणि तिथेच मी अडकले. पडद्यावर प्रश्न आला, सगळी डिस्क पुसायची का? तुझं सगळं त्यात होतं. मी एकही फोल्डर उघडलं नाही, शपथ. पण तू दूर बाताम बेटावर निघालास तेव्हा दारात उभं राहून बापक जे म्हणाले होते, "या घरात तुझं काही उरलेलं नाही," ते आठवलं, आणि वाटलं, आपण 'हो' दाबलं की ते आपल्या हातून खरं होईल. बापक मागेच उभे होते. "काय विचारतंय ते?" मी सांगितलं. "पुसायचं? ते त्याचं आहे. तुझं आहे का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरं काही करता येत नाही का, पोरी?" येत होतं. तुझं जुनं आणि माझं नवं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं, अर्धी जागा तुझी, अर्धी माझी. "मग तेच दाब." अडीच तास लागले. तेवढा वेळ बापक खांबाची दोरी धरून उभे होते, गाठ पक्की मारलेली असतानाही.

आता लॅपटॉप सुरू केला की आधी दोन ओळी येतात, कुठलं उघडू म्हणून. बापकनी विचारलं, तिथे नावं घालता येतात का? घातली. वर पालुपी, खाली जातमिको. कुणी काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी माझं उघडतं. दहा सेकंद त्यांना पुरेनात, म्हणून एक मिनिट करून दिलंय. रोज सकाळी होल्याला वर चढवलं की येऊन बसतात, "चालू कर गं" म्हणतात, आणि चष्मा लावून मिनिटभर बघत राहतात. काल विचारलं, "खालच्या ओळीवर बरेच दिवस कुणी बोट ठेवलं नाही, तर ती जाते का गं?" मी म्हटलं, नाही बापक, राहते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग तेवढं कळव त्याला." म्हणून हे पत्र.

तुझीच,
पालुपी