नाडी दाखवा

लोहारा, यवतमाळ
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप प्रेमसिंग मामांच्या चरणी शामचा साष्टांग नमस्कार आणि जय सेवालाल.

(‘तीर्थस्वरूप’ मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. मागे याडीने, म्हणजे तुमच्या बहिणीने, पाठवलेल्या राखीच्या पाकिटावर मी थोडक्यात ‘ती. स्व.’ लिहिलं होतं. मामींनी त्यातलं ‘स्व.’ स्वर्गीय असं वाचलं आणि तुम्ही समोर बसलेले असतानाही त्या घाबरल्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? मामींनी विचारलं होतं की साखरेच्या आजारात चहात गूळ चालतो का. चालत नाही, आमच्या पुस्तकातच आहे. लंगडणारी म्हैस आता बरी असेल. तिच्याबद्दल मात्र मला काही विचारू नका, आम्हाला फक्त माणसं शिकवतात, आणि तीही माझी अजून अर्धीच झाली आहेत.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण मामा, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तो घेऊन तुम्ही चारचौघांत बसता. मागे मी माझं पोट बिघडल्याचं तुम्हाला सांगितलं, तर कितीतरी दिवस राळेगावच्या बसस्टँडवर अनोळखी माणसं माझ्या पोटाची चौकशी करत होती. आज जे सांगायचं आहे ते पोटाच्याही खालचं आहे. म्हणून पत्र. कृपा करून ओठ न हलवता वाचा.

आधी अभ्यासाचं. कॉलेजात आम्हाला शिकायला एक रबरी पुतळा आहे. त्याला मी अंघोळ घातली, कुशीवर वळवलं, त्याचं तोंड धुतलं, मॅडम छान म्हणाल्या. (चादर बदलताना तो एकदा खाटेवरून पडला आणि मी त्याची माफी मागितली, तेवढं एक वर्ग अजून विसरलेला नाही.) खऱ्या माणसांशी माझं तसं जमत नाही. ब्लडप्रेशर घेताना कानात नळ्या घातल्या की मला रुग्णाच्या ऐवजी माझेच ठोके ऐकू येतात. पहिलं खरं इंजेक्शन मी माझ्या खोलीत राहणाऱ्या अतुल वानखडेच्या दंडात दिलं. सुई त्याला टोचली आणि चक्कर मला आली. त्याने एका हाताने दंड चोळत दुसऱ्या हाताने मला वारा घातला. अशी ही माझी विद्या, आणि तांड्यात तुम्ही मला करून ठेवलंय डॉक्टर. मी दर वेळी म्हणतो, मामा, नर्सिंग आहे. तुम्ही म्हणता, एकच ते, दोघंही पांढरेच कपडे घालतात. मग मीही गप्प बसतो, कारण खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं. माझी अब्रू गेली ती त्या गप्प बसण्यातून गेली.

सध्या आमची ड्यूटी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात आहे. मागच्या आठवड्यात तिथे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बाबूसिंग नावाचे एक काका आले. भरघोस मिशा, भारदस्त आवाज. नावावरून माणूस आपल्यासारखाच तांड्यावरचा आहे हे कळून मला बरं वाटलं. मी जवळ गेलो आणि पुस्तकातलं वाक्य मोठ्याने म्हटलं, “काका, नाडी दाखवा.” त्यांनी दोन्ही हातांनी पायजम्याची गाठ घट्ट धरली आणि म्हणाले, “काहून?” मी म्हटलं, मोजायची आहे. (माझं सगळं लक्ष त्यांच्या मनगटावर, मला गाठ दिसलीच नाही.) “नाडी मोजतेत काय, लेका? असन हातभर.” मी त्यांना समजावलं की लांबी नाही, मिनिटात किती वेळा उडते ते बघायचं असतं. यावर शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ इतके हसले की त्यांचे टाके दुखायला लागले आणि वॉर्डच्या इनचार्ज नाजिया सिस्टर धावत आल्या. त्यांनी काकांचा हात उचलून माझ्या हातात दिला, यापुढे फक्त ‘हात द्या’ एवढंच म्हणायचं असं बजावलं, आणि नावाची पट्टी हॉस्टेलवर विसरलो म्हणून वर आणखी बोलणी ऐकवली. काकांशी आपल्या बोलीत दोन शब्द बोलावेत असं मनात होतं, पण त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

दुपारी ऑपरेशनची तयारी होती. मामा, आता तो शब्द लिहावाच लागणार. एनिमा. लिहिला एकदाचा. (मामींनी अर्थ विचारला तर सांगू नका. सांगावाच लागला तर जेवणाच्या आधी किंवा नंतर नको.) पडदा ओढला, काकांना भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर झोपवलं, कोमट पाण्याचं भांडं स्टँडला टांगलं आणि नळी हातात घेतली. सगळं नीट सुरू झालेलं बघून सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेल्या. अशा वेळी रुग्णाशी बोलत राहावं, म्हणजे त्याचं अंग सैल राहतं, असं आम्हाला शिकवलं आहे. म्हणून मी विचारलं, काका, घरी कोण कोण असतं? भिंतीकडे बघत काका बोलू लागले. तांडा आर्णीकडे, तांड्याचे ते नायक, घरी एक मुलगी, संगीता. मग म्हणाले, “तिची सोयरीक जमून राह्यली. पोरगा इथंच यवतमाळले हाय, डॉक्टर होऊन राह्यला. राळेगावच्या प्रेमसिंगचा भाचा.”

तुमचं नाव माझ्या कानावर पडलं तेव्हा माझ्या हातातली वस्तू कुठपर्यंत पोचलेली होती, ते मी लिहीत नाही. मामा, इतके महिने तुम्ही माझी सोयरीक जुळवताय, पण त्यांचा उल्लेख नेहमी ‘नायकसाहेब’. नायकसाहेबांना एखादं नावही असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. संगीताला मी फक्त एकदा, एका लग्नात पाहिलं आहे. एक म्हातारी कानावर हात धरून बसली होती म्हणून ती थेट बँडवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि बँड थांबवला. तेव्हापासून ती माझ्या मनात आहे. हे मी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं, आणि आता कोणत्या प्रसंगाच्या वर्णनात सांगतो आहे ते बघा. तेवढ्यात काकांनी विचारलं, “तुहं नाव काय, बेटा?”

मी म्हणालो, अतुल वानखडे.

तोंडावर मास्क होता, पट्टी हॉस्टेलवर होती, खोटं बोलायला सगळी सोय होती. पुढचा विचार करायला वेळही मिळाला नाही, कारण पाण्याने आपलं काम सुरू केलं आणि काका घाईने उठून बसले. संडासाला आतून कडी. मी बेडपॅन आणायला पळालो, परत येताना ते लोखंडी भांडं हातातून निसटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं, मी “याडी ये” म्हणून ओरडलो आणि एका पायावर उड्या मारत खाटेपर्यंत पोचलो. भांडं वेळेवर पोचलं की नाही, याबद्दल कधीच बोलायचं नाही असं आम्हा दोघांचं न बोलता ठरलं. चादर मी बदलली. चादर बदलणं मला चांगलं येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पट्टी लावली आणि तिच्यावर प्लास्टिकचा एप्रन चढवला. तो मी दिवसभर काढेना, तेव्हा सिस्टरनी विचारलं की वॉर्डात पाऊस पडतो का. त्या लांबून मला ‘राठोड, ए राठोड’ अशा हाका मारायच्या आणि मी खिडकीबाहेर बघत उभा राहायचो. काका म्हणायचे, “अतुल, हा राठोड कोन हाय गा? लय कामचोर दिसते. बाई सारा दिवस बोंबलून राह्यली.” मी म्हणायचो, हो काका, आहे तसाच. ऑपरेशन छान झालं. मी त्यांना उठवून बसवायचो, अंग पुसायचो, दंडाला धरून चालवायचो, आणि ते रोज नव्याने सांगायचे की अतुलसारखा पोरगा पाहिला नाही, अन् तो डॉक्टर जावई इथून हाकेच्या अंतरावर राहतो, पण होणाऱ्या सासऱ्याला बघायला एकदा फिरकला नाही. एकदा संगीता डबा घेऊन आली. मी पडद्यामागे उभा राहिलो आणि ती जाईपर्यंत श्वासही जपून घेतला. जाताना ती अतुलसाठी वेगळी भाकर आणि ठेचा ठेवून गेली. भाकर मी खाल्ली. भाकर चांगली होती आणि मला अतुलचा राग आला. (खऱ्या अतुलला यातलं काही माहीत नाही. तो मेसचंच जेवला.)

इथवर तुम्ही हसला असाल. पुढचं हसण्यासारखं नाही. ऑपरेशनच्या दिवशी काका गुंगीत होते आणि आपल्या बोलीत पाणी मागत होते. आईला हाक मारून पाणी मागत होते, मामा. पाणी द्यायचं नव्हतं, पण ‘थोडं थांबा, मिळेल’ एवढं त्यांच्याच बोलीत सांगता आलं असतं. मला शब्द न् शब्द कळत होता, आणि मी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना विचारलं, हे काय म्हणताहेत हो? ओल्या कापसाने त्यांचे ओठ ओले केले, पण तोंडातून शब्द काढला नाही. एनिमाची लाज दोन दिवसांत ओसरली. ही ओसरत नाही. मला हातातल्या कामाची लाज वाटली, म्हणून मी कामाचं नाव लपवलं, मग माझं, मग तांड्याचं, आणि शेवटी आईच्या भाषेचंही. वर्गात ‘नर्सिंग हीच सेवा’ या विषयावर भाषण करून मी बक्षीस घेतलं होतं. ती ट्रॉफी मी काल कपाटात उलटी करून ठेवली आहे.

मामींना नमस्कार. त्यांना गूळ देऊ नका.

आपला, तोंड दाखवायला लायक न उरलेला भाचा,
शाम (अतुल नव्हे)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. येत्या रविवारी आपण आर्णीकडे मुलगी बघायला जाणार आहोत ते रद्द करा. नायकसाहेबांना कळवा की मुलगा मोठ्या परीक्षेसाठी दिल्लीला गेला आहे आणि त्यांच्या मिशा पांढऱ्या होईपर्यंत परत येणार नाही. मी खोटेपणाबद्दल वर जे लिहिलं आहे ते खरंच आहे, पण एवढं एक खोटं शेवटचं. तुमचा हात त्यात माझ्यापेक्षा चांगला बसला आहे.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. वरची ता. क. वाचली नाही असं समजा.

आज संध्याकाळी नायकसाहेबांना सुट्टी मिळाली. निघताना त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “अतुल, हात दे.” मी दिला. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, रोज मी ठेवतो तशी. “लय जोरात उडून राह्यली तुही नाडी,” असं म्हणून त्यांनी आपल्या बोलीत, हळूच, विचारलं की तुझी याडी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे, कंबर दुखते थोडी. तेही आपल्याच बोलीत. सगळं बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं.

ते म्हणाले, “वानखड्याच्या पोराच्या पायावर भांडं पडलं तं तो ‘आई गं’ म्हनन. ‘याडी’ म्हनून आपल्या तांड्यातलंच पोरगं बोंबलते. अन् जावयाची गोष्ट निघाल्यावर नाव लपवते, तो जावईच असन.” म्हणजे त्यांना पहिल्या दुपारीच कळलं होतं. तो कामचोर राठोड, न फिरकणारा डॉक्टर, सगळं माझ्या तोंडावर चाललं होतं आणि मी मान डोलावत होतो. मी खाली बघून पाण्याचं बोललो. तुम्ही गुंगीत होता, कदाचित आठवणार नाही, पण पाणी मागत होता, मला कळत होतं, मी बोललो नाही. ते म्हणाले, “आठोते मले. ओठ तं तूनंच ओले केले ना.” त्यांनीच विषय बदलला. “तूनं माहं सारं पाह्यलं, अन् मीनं तुहं तोंडबी नाही पाह्यलं. काढ तो मास्क.” मी काढला. डोळे भरलेले होते ते वॉर्डभर दिसले. त्यांनी नीट निरखून पाहिलं, ‘बरं हाय’ म्हणाले आणि सांगितलं की रविवारी डॉक्टर नको येऊ, तूच ये. संगीताने विचारलंय की पडद्याखालून दिसत होता तो काळानिळा अंगठा आता बरा आहे का.

तेव्हा रविवारी आपण जायचं आहे, आणि तुम्हाला यावंच लागेल, मामा. दारातून वळून त्यांनी खास निरोप दिला आहे, “पोराचं झालं. मले डॉक्टर सांगनाऱ्या प्रेमसिंगले संगं घेऊन येजो, त्याची नाडी पाहाची हाय.”

कोणती नाडी, ते मी विचारलं नाही.